कपाटावरच्या चार खुणा

रविवार, १७ डिसेंबर २०००, खारबाव

जिंकलो. एका गुणाने का होईना, आमच्या पोरींनी कबड्डीची फायनल मारली. ओरडून ओरडून घसा बसलाय.

पण डोक्यात घोळतंय ते वेगळंच. शेवटची दोन मिनिटं, आम्ही दोन गुणांनी पुढे. समोरची चढाई करून परत गेली, पंचांनी काही दिलं नाही, आणि माझी मनीषा हात वर करून स्वतःच बाहेर चालू लागली. "मला हात लागलाय," म्हणाली. मी बाहेरून ओरडले, "अगो, गप उभी ऱ्हा!" लिहितानाही लाज वाटतेय.

घरी येताना विचारलं, हे कुणी शिकवलं तुला? वाटलं, सरांचं नाव घेईल. माझं? छे.

तिने त्या क्रिकेटवाल्याचं घेतलं. सट्टेवाल्यांचे पैसे खाल्ले म्हणून ज्याचं पोस्टर मी कपाटावरून फाडून काढलं, त्याचं. चिकटपट्टीच्या चार खुणा अजून आहेत.

"अंपायरने बोट वर करायच्या आधीच तो निघाला होता, आई. तूच हाक मारून टीव्हीवर दाखवलंस."

हो, मीच. असल्या माणसाला पोरींनी डोक्यावर घेऊ नये, हे माझं मत आजही तेच आहे. पण त्या दिवशी तो स्वतःहून बाहेर गेला होता, हेही खरंच ना?

मनीषाने प्रशस्तिपत्रक त्याच जागी चिकटवलं. कागद लहान, दोन खुणा उघड्याच राहिल्या. पुसायला मी रॉकेलचा बोळा घेतला होता. ठेवून दिला.