जड झालेलं हँडल

मंगळवार, संध्याकाळचे सात. मनीषनगर.

आज माळ्यावरून ते हातानं फिरवायचं जनित्र काढलं. शाळेतून निवृत्त होताना मीच मागून घेतलेलं. काहून काढलं, माहीत नाही. संध्याकाळ जात नव्हती, एवढंच.

हँडल फिरवलं तर भुर्रकन फिरलं. इतकं हलकं? पाहिलं तर बल्बची तार सुटलेली. वेटोळं चुंबकांमधून फिरत होतं, पण वीज घ्यायला पुढे कोणीच नाही, मग हँडल जड कशाला लागेल! तीस-बत्तीस वर्षं वर्गात हेच तर शिकवलं.

माझ्या बायकोला, सुमनला, ते कधी पटलं नाही. दुरुस्तीसाठी जनित्र घरी आणलं की हँडल तिच्याकडे आणि तारा माझ्याकडे. मी तिच्या पाठीमागे बसून तार जोडली की हँडल एकदम जड व्हायचं आणि ही ओरडायची, "काहून जी, मागून चाक धरून राहिले ना तुम्ही?" मी दोन्ही हात वर करायचो. तरी वळून बघायचीच. एकदा तर चिडलो मी. विज्ञानाच्या मास्तरची बायको असून असं बोलते, म्हणालो. काय गरज होती?

तिला जाऊन दुसरी दिवाळीही झाली.

आज तार मीच जोडली आणि हँडलही मीच फिरवलं. बल्ब लागला. हँडल जड झालं, अगदी कोणी मागून चाक धरावं तसं.

नियम मला पाठ आहे. तरी मी वळून पाहिलं.