खड्ड्यावर बसलेली सून

बॅलरॅट, जुलै १८५६

प्रिय लव्हडे,

तुझं पत्र तीन महिने समुद्राचे हेलकावे खाऊन काल पोचलं आणि वाचताच माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणे, "नवऱ्याला माती द्यायला आली नाही, ती माझी सून नव्हे." वा गं वा! कळवलं कोणी? ट्रेगिअरबाईनेच ना? माझ्या दुकानात चहाची पुडी घ्यायला येते आणि अख्ख्या वस्तीची उणीदुणी फळीवर सांडून जाते. विनी आली नाही हे तिने लिहिलं. का आली नाही, ते लिहायला बरा तिचा हात दुखला!

इथे सोनं वरवर लागत नाही, बाई. महिनोन्‌महिने खाली खणत जावं लागतं. ज्याचा खड्डा, त्याने रोज दुपारी तिथे स्वतः हजर राहायचं. एक दिवस चुकला की दुसरा येऊन खुंटी ठोकतो, खड्डा आपला म्हणतो आणि सरकारी साहेब त्याच्याच बाजूने मान हलवतो. तुझ्या जागोने आणि त्याच्या भिडूने, हॅनिबलने, सहा महिने खणलं. मग आतला लाकडी आधार सरकला. जागो गेला, हॅनिबलची मांडी मोडली. दुसऱ्या दिवशी तीन टगे खुंट्या घेऊन समोरच्या ओंडक्यावर येऊन बसले. पाइप ओढत, निवांत. गिधाडंसुद्धा थोडी लांब बसतात.

मी पाद्रीबाबांकडे गेलो. म्हटलं, माती दुपारी नको, सकाळी देऊ. तर म्हणाले, "डिगरी, हगवणीने गेलेली दोन तान्ही पोरं आहेत सकाळी. त्यांच्या आयांना काय सांगू, थांबा म्हणून?" मग साहेबाकडे गेलो, म्हटलं, तेवढा वेळ मी बसतो. "हिस्सेदारच हवा, आणि जागोचा हिस्सा आता त्याच्या बायकोचा," म्हणाला आणि परत अंडं सोलायला लागला.

शेवटी विनीलाच म्हटलं, "पोरी, आग लाव त्या जागेला, पण मातीला चल." तर तुझी ती आयरिश सून, जिला तू कधी पाहिलंही नाहीस, शांतपणे म्हणते कशी, "मामा, जागा माझी एकटीची आहे का? हॅनिबल खाटेवर पडलाय, त्याच्या घरात चार पोरं. मी उठले तर ती कोणाच्या दारात उभी राहतील?" तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला मिठी मारणं.

मग शवपेटी उचलणाऱ्यांनीच वाट बदलली. टेकडीवरच्या दफनभूमीचा सरळ रस्ता सोडून गुडघाभर चिखलातून जागोला तिच्यापाशी आणलं. विनीने झाकणावर हात ठेवला. रडली नाही. ओंडक्यावरच्या त्या तिघांकडे वळून एवढंच म्हणाली, "टोप्या काढा रे." तिघांनी मुकाट काढल्या. ट्रेगिअरबाई तेव्हा टेकडीवर पुढची जागा धरून उभी होती. तिला कुठून दिसणार?

त्यानंतर विनीने लोकांचे कपडे धुतले, दोन गडी ठेवले आणि खणणं चालू ठेवलं. काल तुझं पत्र तिने माझ्या हातातून घेऊन वाचलं. रागावली नाही, याचाच मला जास्त राग आला. म्हणाली, "मामा, त्यांना लिहा, सोनं लागलं म्हणून. मुलगा रिकाम्या खड्ड्यापायी गेला हे कळलं, तर त्या खचतील."

लव्हडे, गेल्या आठवड्यात खड्डा तळाला लागला. पांढरी माती निघाली आणि पाणी. बाकी काही नाही. गिऱ्हाइकांना गोड थापा मारत मी हे दुकान उभं केलं, पण ही एक थाप काही लिहवेना. म्हणून हे पत्र. वाच आणि चुलीत घाल. मग तिला लिही, की सोनं लागल्याचं भावाने कळवलं, जागोचे कष्ट वाया गेले नाहीत, बरं वाटलं. तुला खरं वाटलं असं तिला वाटू दे. आणि एवढं कर, माझ्या पत्रात चिठ्ठी घालून पाठवू नकोस. पाकिटावर तिचं नाव लिही, पुढे 'माझी सून' असं. इथे टपाल आलं की नाव मोठ्याने पुकारतात, आणि सगळी वस्ती ऐकते.

तुझाच, तुझ्यापायी वैतागलेला भाऊ,
डिगरी