डोंगरावरून दिसणारा धूर

हेअरबर्नचा बुरूज (उरलाय तेवढा),
१४ नोव्हेंबर १५८४

चिरंजीव निनियन यास,
ताईचे आशीर्वाद. पद्धत आहे म्हणून लिहिते.

आईचा खोकला कमी आहे. थंडी यंदा लवकर आली. बाळासाठी पाठवलेलं झबलं मिळालं. तुझ्या सासरची लोकर मऊ असते, हे मान्य.

तुझा माणूस म्हणाला, "बाप्तिस्म्याला बाळाचा धर्मपिता व्हायची त्यांची फार इच्छा आहे. झालं गेलं विसरा म्हणाले." आई लगेच विरघळली. "येऊ दे ना गं. त्याचंही घर आहे."

"कुठलं घर, आई? दोन भिंती उरल्यात."

वसंतात नेमकं काय झालं, असं तू विचारतोस. कमाल आहे तुझी. तुझ्या सासरचे सीमा ओलांडून आले, तेव्हा आम्ही नेहमीसारखं बुरुजाच्या तळमजल्यात दलदलीतलं मातीचं जळण ठासून पेटवलं आणि गुरं घेऊन डोंगरात गेलो. आत धुमसत असलं की तिथे सुरुंगाची दारू ठेवायची कुणाची छाती होत नाही. वरून धूर दिसत होता तोवर मी निर्धास्त होते. सकाळी तो थांबला. गॅविन म्हणाला, "बघून येतो. तू पोटुशी बाई, इथेच बस." माझा नवरा दारापर्यंत पोचला आणि बुरूज उडाला.

जिन्यामागच्या मोरीतून कुणीतरी ओढ्याचं पाणी आत सोडून जळण विझवलं होतं. लहानपणी आपण तोच उद्योग केला होता, आठवतं? तू पळालास, बाबांचा मार मी खाल्ला. ती मोरी बाहेरून दिसत नाही; बाबा आणि आपण दोघं सोडून कुणाला ठाऊकही नव्हती. बाबा तर गेले. उरलो आपण दोघं, आणि मी डोंगरावर होते.

आईला हे सांगितलेलं नाही. तुझी किळस मला एकटीला येते तेवढी पुरे.

बाप्तिस्मा रविवारी उरकला. पाद्री नवे, शहरातले. म्हणाले, "बाळाचा उजवा हात का वर धरलाय? तोही भिजू दे."

म्हटलं, "नको. ज्या हाताने बापाचा सूड घ्यायचा, त्याला आमच्याकडे पवित्र पाणी लावत नाहीत. मग पाप लागत नाही."

हात मीच धरला होता. त्याने माझं बोट घट्ट पकडलं होतं.

झबलं परत पाठवते आहे. वर चिरंजीव लिहिलंय, तेवढं मात्र मनापासून. पोर मोठं होईपर्यंत जग.

तुझी ताई,
मॅरियन