ओच्यातली दोन वजनं

प्रिय वहिनी,

काल दादाने माझ्याकडे ती दोन वजनं मागितली. "तिला दिली व्हतीस ना, तशीच मला दे," म्हणाला. मी भाजी निवडत होते, हात तसाच राहिला. म्हणजे तू त्याला सांगितलं होतंस? मला मात्र देवीची शपथ घातलीस, की वन्सं, हे तुमच्या-माझ्यातच राहू दे. नवऱ्यापासून लपवणं जमलं नाही ना तुला?

दुपारचे अडीच वाजलेत. पोरं खिचडी खाऊन घरी गेलीत, मदतनीस बाई मागे पातेलं घासतेय आणि मी अंगणवाडीच्या टेबलाशी बसून तुला लिहितेय. उद्या गुरुवार. सकाळच्या गाडीने दादाला महाडला दवाखान्यात न्यायचंय आणि तिथे आधी त्याला काट्यावर उभं करणार आहेत. तुझा संतोष मुंबईहून फोनवर म्हणतो, आत्या, तूच काय ते ठरव. ठरव म्हणणं सोपं आहे. हे मी तुझ्याशिवाय कुणाशी बोलू?

तुला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. दादाला अन्ननलिकेचा कॅन्सर निघालाय. गणपतीच्या आधीपासून घास अडकत होता, पण त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. भाकरी ताकात कालवून गिळत राहिला. मी माहेरी वर वाडीवर गेले तेव्हा सदरा अंगावर नुसता लोंबत होता. मी विचारलं तर म्हणाला, "कामाचे दिस हायत, मानूस बारीक व्हतोच." तुझाच नवरा तो, वेगळं काय बोलणार?

डॉक्टर तेच आहेत, तुझे. चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. गेल्या गुरुवारी म्हणाले, "गाठीचं आपण बघू, पण मला आधी यांच्या वजनाची काळजी आहे. आठ दिवसांत आणखी उतरलं तर नाकातून नळी घालून पोट भरायचं. अंगात थोडी ताकद आली की मग केमो." दादाने त्यातलं नळी एवढंच ऐकलं. बाहेर आल्यावर बाकावर बसून राहिला. "नळी लागली म्हंजे मानूस संपला. मी नाय लावून घेनार," एवढंच बोलला. आणि काल माझ्याकडे वजनं मागितली.

वहिनी, त्या दिवशी तिथल्या आहाराच्या मॅडमनी मला एक गोष्ट समजावली. ती ऐकल्यापासून मला चैन नाही. त्या म्हणाल्या, ही गाठ एका जागी असली तरी अख्ख्या अंगात दाह पेटवते. वरून सूज दिसत नाही, ताप येतोच असं नाही, पण रक्त तपासलं की कळतं. त्या दाहाने भूकच मरते. आणि माणसाने नेटाने चार घास खाल्ले तरी ते अंगाला लागत नाहीत, उलट अंगावरचं मांस झडत जातं. "म्हणून त्यांना खात का नाही म्हणून रागावू नका. त्यांच्या हातात नाही ते," असं त्या म्हणाल्या.

तुझ्या वेळी मी काय केलं होतं, आठवतं? तुझ्यासाठी सुकटीची चटणी आणि गरम घावन घेऊन वर चढून आले होते. तू एक तुकडा तोडलास आणि ताट सरकवलंस. मी म्हणाले, "पुरे झाली नाटकं. आम्ही मरमर करायची आणि तू नखरे करायचेस." तू हसलीस आणि पुन्हा ताट ओढलंस. माझ्या समाधानासाठी तीन घास खाल्लेस आणि मागच्या दारी जाऊन ओकलीस. मला ऐकू येत होतं. तरी मी उठून आले नाही, कारण राग गेला नव्हता. माझ्या ह्या जिभेला काय म्हणू?

आणि ती वजनं. अंगणवाडीचा काटा बरोबर चालतो की नाही ते बघायला मी दोन लोखंडी वजनं ठेवते, एकेक किलोची. तुला ती ठाऊक होती. तिसऱ्या केमोच्या आधी डॉक्टर म्हणाले, वजन असंच घटलं तर पुढचं सलाइन लांबवावं लागेल. तू घाबरलीस. सहा पुरी झाली की आपण सुटलो, असं तुझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. "वन्सं, एकच द्या. लुगड्याच्या ओच्यात कुनाला दिसतंय?" म्हणालीस. मी दिलं. पुढच्या खेपेला दोन दिली. नर्सबाई म्हणाली, "आजी, चप्पल काढा," तर तू किती इमानदारीने चप्पल काढून बाजूला ठेवलीस. मला हसू आवरेना. खरंच सांगते, मी तोंडाला पदर लावून हसले होते.

मी हसले, वहिनी! मी, जी दर महिन्याला पोरांची वजनं घेते. एखादी आई पोराला दोन स्वेटर घालून आणते, रजिस्टरात पोर बारीक दिसू नये म्हणून. मी तिला सगळ्यांसमोर सांगते, काढ ते, मला पोराचं वजन हवंय, लोकरीचं नको. खोट्या आकड्यावर पोराला जास्तीचा आहार मिळत नाही, हे मीच त्यांना शिकवते. मग तुझ्या बाबतीत माझी अक्कल कुठे गेली होती? आणि तू तरी कशाला मागितलंस गं? मी नाही म्हणणार नाही, हे तुला माहीत होतं म्हणूनच ना?

दादाला मी वजनं दिलेली नाहीत. पेटीला कुलूप घातलंय. पण उद्या डॉक्टरांसमोर तुझं सगळं सांगावं की गप्प राहावं, ते ठरत नाही. सांगितलं आणि ते चिडले तर? तुम्ही फसवणारी माणसं, दुसरीकडे जा, म्हणाले तर दादाला घेऊन मी कुठे जाऊ? बाई कडी लावायला थांबलीय. आता उठते.

शनिवार

त्या दिवशी पत्र अर्धंच राहिलं. आता महाडला दवाखान्यात बसून पुढचं लिहितेय. दादा आत झोपलाय.

गुरुवारी गाडीत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. सारखा कमरेवर हात. मला वाटलं, पोटात दुखत असेल. काट्यावर उभा राहिला, नर्सबाईने आकडा वाचला, तर आठवड्यात दीड किलो वाढलेलं. दादा माझ्याकडे बघेना. पाणीसुद्धा ठसका लागून बाहेर येतंय, त्याचं दीड किलो कुठून वाढणार? मला सगळं कळलं. नर्सबाई आकडा लिहायला वाकली.

"दादा, कमरेचं काढ," मी म्हणाले.

"काय काढू? काय नाय."

"काढ म्हणते ना."

रांगेतली माणसं बघायला लागली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा भाऊ, ज्याच्यापुढे मी आजवर मान वर करून बोलले नाही, त्याला मी सदरा वर करायला लावला. उपरण्यात बांधलेले सावित्री नदीच्या पात्रातले गोटे निघाले. त्याने ते माझ्या हातात दिले नाहीत, जमिनीवर टाकले. "तू माझी बहीन नाय," म्हणाला.

मग मी थांबले नाही. डॉक्टरांच्या खोलीत उभ्या-उभ्या तुझं सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, "मी त्या वजनावर औषध मोजत होतो." मी विचारलं, म्हणून गेली का ती? ते म्हणाले, "असं म्हणता येणार नाही. आजार पुढे गेलेला होता. पण मला खरं कळलं असतं तर सलाइन थांबवून आधी त्यांना खायला घातलं असतं. थोडी ताकद राहिली असती." वहिनी, त्यांनी मला दोषातून मोकळं केलं असं समजू नकोस, मीही समजत नाही.

दादाचं खरं वजन घेतलं. दोन किलोंनी उतरलेलं. डॉक्टरांनी त्याला स्वतः समजावलं, की नळी म्हणजे शेवट नाही, केमो झेपावी म्हणून आधी दिलेलं जेवण आहे. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. नळी घालताना माझा हात झटकला आणि नर्सबाईचा धरला. त्या नळीतून अंड्याचं आणि दुधाच्या पावडरीचं पातळ त्याच्या पोटात जाताना मी बाहेरून बघत होते. काल दिवसभर त्याचा अबोला होता.

आज सकाळी मी त्याची चादर झटकत होते, तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "गो, तुला वाटतं तूच गुन्हेगार हायस?"

मी चादर तशीच धरून खाटेच्या कडेला बसले.

"शेवटच्या खेपेला तिला वाडीवरून रस्त्यापत्तूर मी पाठुंगळी आनली. ती वजनं तवा ओच्यात व्हती. तरी करडू उचलल्यागत लागली मला. डाक्टरसमोर काट्याचा आकडा ऐकला आनि गप बसलो. मला काय कळत नव्हतं?"

मग त्याने पहिल्यांदा माझा हात धरला. तुझ्या मागे दहाव्यालाही तो रडला नव्हता. आज रडला, आणि नाकात नळी असल्यामुळे त्याला नीट रडताही येईना. मी त्याला टेकवून बसवलं.

तू, मी, दादा. तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही एकमेकांना वाचवत बसलो. माफी मागू की तुझ्यावर रागावू? दोन्ही करते आहे, तू समजून घे.

एक शब्द देते तुला. तुझ्या नवऱ्याला मी खा म्हणून टाकून बोलणार नाही, आणि दर गुरुवारी काट्यासमोर मीच उभी राहीन. आकडा कितीही खाली गेला, तरी तो त्याच्या तोंडावर मोठ्याने वाचीन.

तुझी वन्सं,
सुमन