टोळीचा नंबर

रवि., १ फेब्रुवारी
व्हिडिओ कॉलची लाइन सुरू केल्यापासून तिसरा रविवार. लाइन एकदाही तुटली नाही. सर्व्हर म्हणजे बंद पडलेल्या सायबर कॅफेतून उचलून आणलेला जुना कॉम्प्युटर. आमच्या म्हसावदच्या घरात गव्हाच्या कोठीशेजारी बसवलाय. सौ. म्हणते, "घरना माणसंपेक्षा त्या डब्बानी जास्त काळजी शे तुम्हले." असेल. उभा जन्म टेलिफोनात गेला, रिटायर झालो म्हणून हात थोडेच रिटायर होतात.

वर तोरणमाळकडच्या पाड्यावर दिलीप पावरा टॅबलेट घेऊन बसतो. समोर स्क्रीनवर गुजरातेत ऊसतोडीला गेलेली त्याच पाड्याची माणसं. दोन्हीकडचे चेहरे माझ्या डब्यातून जातात आणि बोलणं रेकॉर्ड होतं, कारण रविवारी जी म्हातारी रानात जाते तिला मंगळवारी बघायचं असतं.

आज जामसिंग बोलला, बायकोशी, रुमालीशी. फडापासून लांब येऊन उभा होता. पावरी मला कळत नाही, दि.ने नंतर फोनवर अर्थ सांगितला. पोरगी मरणातून उठली म्हणून जामसिंगने होळीला बुध्या व्हायचा नवस केलाय. अंगाला रंग-राख, कमरेला घुंगरू, आणि होळीआधी काही दिवस कडक पालन, म्हणजे व्रत, घरी राहून. मुकादम हंगाम संपेपर्यंत सोडत नाही, म्हणून २१ तारखेला गुपचूप निघणार. कोणाला सांगू नका म्हणाला.

म्हणजे त्याच्याशिवाय आता हे ठाऊक असणारे तीन. रुमाली, दि. आणि मी.

सोम., २ फेब्रु.
कालचं रेकॉर्डिंग दुपारी दोनदा उघडलं गेलंय. लॉगमध्ये वेळ दिसते, माणूस दिसत नाही. दि.ला विचारलं. "मी काही देखं नही, आप्पा." रुमालीकडे फोनच नाही.

मग भूत उघडतं का?

गुरु., ५ फेब्रु.
एक जुनी गोष्ट डोक्यातून जात नाही. एक्स्चेंजमध्ये असताना रिकाम्या वेळी मी लोकांच्या लायनी ऐकायचो. कोणाची सोयरीक मोडली, कोण कोणाला काय बोलला. त्यामुळे दुसरा ऐकत असेल हे मला लगेच पटतं. चोराच्या मनात चांदणं.

रवि., ८ फेब्रु.
जामसिंग स्क्रीनवर नाही. त्याच्या टोळीतला एक जण खाली मान घालून बोलला. मुकादम रतनने जामसिंगला दुसऱ्या गावाच्या फडावर हलवलं, आधार कार्ड काढून घेतलं. वर म्हणाला, "२१ तारखेला कुठे जाणार होता?"

तारीखसुद्धा माहीत!

दि. सांगत होता, रुमाली टॅबलेटकडे बघत राहिली, रडली नाही. फक्त विचारलं, हे यंत्र कोणाचं आहे. दि.ने माझं नाव सांगितलं.

दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

सोम., ९ फेब्रु.
आज सौ.कडून कळलं की रतन मुकादम हा दि.च्या मामाचा मुलगा. तिला बाजारात कोणीतरी सांगितलं. दि.ने मला कधी सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

तोरणमाळच्या घाटात केबल टाकली तेव्हा दि. रोजंदारीवर होता. माझा पाय घसरला तर त्याने मनगट धरलं होतं. ते मी विसरलेलो नाही. पण माणूस बदलतो. मामाचा मुलगा तो मामाचा मुलगा.

सौ. म्हणाली, "तुम्हले देवना बी संशय येस." देवाकडे माझ्या सर्व्हरची चावी नाही.

मंगळ., १० फेब्रु.
पासवर्ड बदलला. दि.चं नाव काढून टाकलं. त्याला कळवलं नाही. रविवारी कळेल.

काढताना बोट थांबलं होतं एकदा.

रवि., १५ फेब्रु.
दि.ला उघडता येईना. पाड्यावरची माणसं जमून बसलेली. त्याने फोन केला, मी म्हटलं इथूनच चालू करतो.  तो म्हणाला, "मन्हा हातमा चावी नही का आते?" मी म्हटलं सर्व्हरमध्ये बिघाड आहे. खोटं बोललो. टेलिफोनवाला असून लाइनवर खोटं.

बोलणं झाल्यावर नेहमी तो मला अर्थ सांगतो. आज फोन ठेवून दिला. जामसिंग आजही नव्हता, एवढं स्क्रीनवरून मलाच दिसलं.

सोम., १६ फेब्रु.
रेकॉर्डिंग उघडलं. दोनदा, दुपारीच.

चावी आता फक्त माझ्याकडे. मी दुपारी आडवा झालो होतो.

मंगळ., १७ फेब्रु.
सापडलं. 

नोंदणीचा फॉर्म मी केला होता. नाव, गाव, टोळी. आपल्याकडे ऊसतोडीच्या माणसाला कोणी नाव विचारत नाही, कोणाच्या टोळीतला एवढंच विचारतात. मीही तसंच केलं. टोळी रतनची, म्हणून मोबाईल नंबरही रतनचा. शिवाय हौसेने प्रोग्रॅमच्या चार ओळी लिहिल्या: रेकॉर्डिंग तयार झालं की टोळीच्या नंबरावर आपोआप मेसेज जावा, त्यातल्या लिंकला पासवर्ड नको, म्हणजे कोणाला त्रास नको. त्या ओळी चालल्या तेव्हा मी सौ.ला बोलावून दाखवल्या होत्या.

तेव्हापासून दर रविवारी माझाच डबा मुकादमाला प्रत्येकाचं बोलणं घरपोच देत होता. रतनला चोरी करायची गरजच नव्हती. आणि मी दि.ला चोर ठरवलं. मामाचा मुलगा! लाज वाटते.

बुध., १८ फेब्रु.
दि. फोन उचलत नाही. तीनदा केला.

त्या चार ओळी पुसायला बसलो, मग थांबलो. आधी वर जाऊन तोंडाने सांगायचं, पुसायचं नंतर. पुसून टाकलं तर मला गप्प बसायला सोपं जाईल, मी मला ओळखतो.

रवि., २२ फेब्रु.
जीपने घाट चढलो. सौ.ने सोबत दाळ्या-मुरमुरे बांधून दिले, म्हणाली रिकाम्या हाताने माफी मागायला जाऊ नका.

दि. अंगणात बसला होता. सगळं सांगितलं: चावी का काढली, बिघाड नव्हता, नंबर कोणाचा होता.  तो शेवटी म्हणाला, "मले इचाराले काय जात व्हतं, आप्पा?"  नवा पासवर्ड कागदावर लिहून नेला होता. तो त्याने घेतला नाही.

मग म्हणाला, रुमालीला तुम्हीच सांगा. मी मराठीत सांगितलं, तो पावरीत सांगत गेला. माझी चूक त्याने काही कमी करून सांगितली नसावी.  रुमाली शिव्या देईल वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने एकच विचारलं: आज इथे बोललेलं रतनला जाईल का?

म्हटलं, जाईल. ओळी अजून तशाच आहेत. आत्ता पुसतो.

पुसू नका म्हणाली.

मी टॅबलेट उघडून दिला. तिने तो मांडीवर घेतला, पोरीला शेजारी बसवलं. कॉल कोणाला लावलाच नाही, नुसतं रेकॉर्डिंग. ती रतनशी बोलली. नवऱ्याशी नाही, रतनशी, भाऊ म्हणून. दि.ने मला हळू आवाजात अर्थ सांगितला, न मागता. नवस जामसिंगचा आहे, पण आता अडवणारा तू आहेस. होळीपुढे घुंगरू वाजलं नाही तर देव कोणाकडे बघेल ते तुलाच ठाऊक, तूही याच डोंगरातला. पोरगी ही बघ. माणूस सोड, होळी झाली की मी स्वतः त्याला परत धाडते. एवढंच. गयावया नाही, आवाज चढवला नाही.

बटण दि.ने दाबलं. मेसेज गेला.

माझ्या मनात लगेच आलं, याचा सूड जामसिंगवर निघाला तर?  तिने तो विचार माझ्याआधी केला असणार.

सोम., २३ फेब्रु.
इतरांच्या नोंदी दुरुस्त केल्या. टोळीचा रकाना काढून टाकला, आता प्रत्येकाचं नाव आणि त्याचाच नंबर, नंबर नसेल तर रिकामा. रतनच्या मेसेजच्या ओळी मात्र तेवढ्या ठेवल्यात. रुमाली सांगेल तेव्हा पुसेन.

लॉग: काल संध्याकाळी एकदा. आज सकाळी एकदा.

मंगळ., २४ फेब्रु.
आज पुन्हा उघडलं. दुपारी, शेवटपर्यंत. पाच मिनिटांनी परत, शेवटपर्यंत. उत्तर नाही. ऐकणारा हसत ऐकतो की घाबरून, हे लॉगमध्ये दिसत नाही.

पालन उद्यापासून.

चारच्या सुमारास दि.चा फोन आला. आपणहून. शहाद्याची बस वर आली, जामसिंग उतरला नाही. उद्याची एक आहे, रुमाली पोरीला घेऊन फाट्यावर बसणार. मी म्हटलं, मीही येतो. तो "या" म्हणाला नाही. "नका येऊ" असंही म्हणाला नाही.

सौ.ला सांगितलं, उद्या भाकरी लवकर टाक.