सहीच्या वर लिहिलेली तारीख

सर,

तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं झाली आणि मागच्या हिवाळ्यात मी तुमच्याविरुद्ध लेखी दिलं. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर बाकीचं लिहिता लिहिता मी ते पुढं ढकलत राहीन आणि पान संपलं म्हणून थांबेन. मी लिहून दिलं की माझी जन्मतारीख तुम्ही बदलली, मला न विचारता, माझ्या आईबापाला न कळवता. ती तुम्ही बदलली नव्हती. मी बदलली होती. हे फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं, आणि तुम्ही नाही, म्हणून आता एकट्या मला माहीत आहे.

मी तिरोडीला घरी आहे. रजेचे दोन दिवस उरलेत. दुपारचं जेवण होऊन आई झोपली आहे आणि खिडकीतून डंप दिसतो. खाणीचा मलबा टाकून टाकून झालेला तो डोंगर. अर्ध्या भागावर आता झाडं लावलीत, उरलेला अर्धा तसाच काळा आहे. उजाडलं की शाळेच्या धावण्याच्या टीममधले आम्ही सात पोट्टे पायथ्याशी जमायचो आणि तुम्ही सायकल स्टँडवर लावून वर बोट दाखवायचे, एवढंच. दगड सुटे असायचे. एक पाऊल चढावं तर अर्धं खाली यायचं. मी घाबरत घाबरत, दोन्ही पायांवर सारखा भार ठेवून चढायचो आणि सगळ्यांच्या मागं राहायचो. तुम्ही खालून ओरडले होते, "अबे, पुढच्या पायावर सगळा भार दे! अर्धा इकडं, अर्धा तिकडं ठेवशीन तं घसरशीनच." त्या दिवसापासून मी मागं राहिलो नाही. खाली आल्यावर अंगावरचा घाम काळा असायचा आणि आम्ही तसेच तुमच्या घरी चहाला जायचो. काकी ओरडायच्या की अंगण धुवायला आता कोणाला बोलवू, आणि तरी सात कप मांडलेले असायचे.

चहा झाला की तुम्ही पाटी द्यायचे. गाव हिंदी मुलखात म्हणून शाळा आमची हिंदी, घरात बोलणं मराठी, आणि लिहिता कुणालाच येत नव्हतं. "घरी मायसंग मराठी बोलता आन् लिवता येत नाही, शरम नाही वाटत?" असं म्हणून तुम्ही गोंदियाहून आलेल्या शिळ्या पेपरातल्या ओळी सांगायचे. जितक्या चुका तितक्या चढाया, दुसऱ्या दिवशी. पहिल्या आठवड्यात माझ्या अकरा चुका झाल्या. पावसाळा संपेपर्यंत एकही होईना. मग तुम्ही चुकांशिवायच चढाया लावल्या आणि म्हणाले, "हा पोट्टा लई हुशार झाला, याले बिनागुन्ह्याची सजा." सगळे हसले, मीही. माझं अक्षर चांगलं म्हणून पुढं सगळ्या टीमचे फॉर्म तुम्ही मलाच भरायला द्यायला लागले. बाकीच्यांचे भरताना मी बापाचं नाव, गावाचं नाव दोनदोनदा तपासायचो. तुम्ही चष्मा न लावता गठ्ठ्यावर सह्या करायचे, शिक्का मारायचे. मी लिहिलेलं वाचायची तुम्हाला गरज वाटत नव्हती.

खाणीच्या कामासाठी बाबा आम्हाला घेऊन गावोगाव फिरले, त्यामुळे मी शाळेत उशिरा बसलो होतो. लांजीच्या निवड शर्यतीच्या वेळी सोळा वर्षांखालच्या गटासाठी मी चार महिन्यांनी मोठा होतो. मोठ्या गटातल्या पोरांसोबत सरावाला धावलो तेव्हा मी सहावा आलो होतो, आणि क्रीडा वसतिगृहात जागा फक्त पहिल्याला होती. वर्ष बदलायला एकच आकडा बदलावा लागत होता. एक वर्ष कमी केलं असतं तरी त्या दिवसापुरतं भागलं असतं. मी दोन केली, कारण एका वर्षानं पुढच्या हंगामात तोच प्रश्न पुन्हा आला असता. म्हणजे घाईत झालं, पोरवय होतं, असं मला म्हणता येणार नाही. मी बसून हिशेब केला होता.

लांजीला जाताना बालाघाटला गाडी बदलली. किरनापूर सोडल्यावर तुम्ही पिशवीतून फॉर्म काढले, बहुतेक वेळ जाईना म्हणून, आणि चष्मा लावला. मी पुढच्या सीटवर होतो. तुम्ही मला खांद्याला धरून मागं वळवलं.

"हे कोणाची तारीख हाय?"

"माही, सर."

"तू कवा जलमला, मले माईत नाही? तुले शाळेत घातलं तवा तुही माय माह्याच टेबलाजवळ उभी होती."

मी सीटचं फाटकं कव्हर बोटानं उकरू लागलो.

"बोल नं. धावताना तं मोठं तोंड उघडं असते तुहं."

बाकीच्या पोरांना वाटलं तुम्ही चेष्टा करताय. तुम्ही माझा फॉर्म घडी करून खिशात घातला, पुन्हा काढला, बराच वेळ बाहेर धानाच्या बांध्या बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "शिक्का माह्या हातचा हाय. आता मी बोललो तं सातही जण वापस जातात, आन् शाळेची टीम पुन्हा कोणी घेत नाही." पिशवीतून केळं काढून माझ्या हातात दिलं. "खा हे. आन् पळ."

मी पहिला आलो. तुम्ही शेवटच्या रेषेवर नव्हते, हापशीवर पाण्याच्या बाटल्या भरत होते. मी तिथं आलो. "जितला?" "हौ, सर." "कितीनं?" मी म्हणालो, बाकीचे बरेच मागं होते. तुम्ही बाटलीचं झाकण लावलं. "राह्यणारच. लहान पोट्टे होते ते." यापेक्षा जास्त तुम्ही त्याबद्दल मला कधी बोलला नाहीत. दुसरा आलेला लांजीकडचा मुलगा तिथंच मातीत बसून त्याच्या भावाच्या मांडीत तोंड खुपसून रडत होता. तो पुढं धावला की नाही, मला माहीत नाही. त्या फॉर्मवरून मला वसतिगृहात जागा मिळाली आणि तीच तारीख नववीच्या नोंदणीत गेली, तीच दहावीच्या गुणपत्रिकेवर, जी मी दुसऱ्या खेपेला मिळवली, तीच आधारवर. भरतीच्या वेळी मी खरा अठराचा होतो आणि कागदावर सोळाचा, म्हणून दोन वर्षं वॅगनमध्ये मलबा भरला. त्यातल्या दुसऱ्या पावसाळ्यात तुम्ही चार दिवसांच्या तापात गेलात. खांदा द्यायला आम्ही सातही जण होतो.

पुढचं तुम्ही पाहिलं नाही. मला सीमेवरच्या निमलष्करी दलात खेळाच्या कोट्यातून घेतलं, डोंगरी शर्यतीसाठी. पहिल्याच हिवाळ्यात वर पाठवलं आणि पायात लांब, अरुंद पट्ट्या बांधल्या, स्की. उतारावरून घसरत यायची नव्हे, सपाटीवर आणि चढावर दहा-पंधरा किलोमीटर रेटत न्यायची. मी बर्फ पहिल्यांदा पाहिला तो असा, त्यात पडून. बाकीची पोरं पहाडातली. कुणीतरी विचारलं, कहाँ का है, मी म्हणालो बालाघाट, वडील मँगनीजच्या खाणीत. त्या दिवसापासून माझं नाव मँगनीज पडलं. "ए मँगनीज, उठ, बर्फ में ज़ंग लग जाएगी!" चढावर माझी स्की मागं घसरायची. पट्टीच्या मधल्या भागाला मेण लावतात, ते चढताना बर्फाला धरतं. त्या दिवसाच्या थंडीला कोणतं लागेल ते ओळखावं लागतं. मी मेण तपासत बसायचो, पुसून पुन्हा लावायचो, दोष मेणाचा नव्हताच. तिसऱ्या दिवशी मी पुढच्या पायावर सगळा भार टाकला आणि स्कीनं धरलं. तिथं, पापण्यांवर बर्फ, नाकातलं पाणी गोठलेलं, मी मोठ्यानं "हौ सर" म्हणालो होतो. पोरांनी ते चिडवायला महिनाभर पुरवलं.

सात वर्षांत मी देशात तिसरा आलो, दोनदा. माझ्यासारखा खाणीतला पोट्टा, उन्हाळ्यात डोंगरावर धावून आणि डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर सराव करून. बाहेरच्या देशातल्या शर्यतीसाठी यादीत नाव लागलं आणि लगेच माझ्या वयाबद्दल तक्रार गेली. कोणी केली ते सांगत नाहीत. ज्याची जागा गेली त्यानं केली असेल तर मला त्याचा राग करता येत नाही. पंचायतीच्या जन्मनोंदीची नक्कल जोडलेली होती.

चौकशीचा साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं मला शेगडीजवळ बसवलं, चहा मागवला. "उस वक़्त उमर क्या थी?" सोलह, साहब. "यानी नाबालिग. फ़ॉर्म पर दस्तख़त किसके?" हमारे पीटी सर के. "ज़िंदा हैं?" नहीं, साहब. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि कोरा कागद माझ्याकडं सरकवला. "तो फिर सोच क्या रहा है?" खरं लिहिलं असतं तर नोकरी जाणार होती, बंदी येणार होती, आणि बाबांची छाती अशी की त्यांचा महिन्याचा इलाज माझ्याच नोकरीच्या कार्डावर चालतो. हे सगळं खरं आहे. पण तुम्हाला खोटं का सांगू, त्या क्षणी मला बाबा आठवले नाहीत. मला यादी आठवली. साडेचार ओळी लिहिल्या, हिंदीत. एकही खाडाखोड नाही. देण्याआधी मी दोनदा वाचून पाहिलं की कुठं काही चुकलं तर नाही.

नोकरी राहिली. लहान गटातली प्रमाणपत्रं रद्द झाली, यादीतलं नाव तसंच राहिलं. कागदाची एक प्रत शाळेत गेली. हापिसातला तुमचा फोटो उतरवला. पोरं दर वर्षी तुमच्या नावानं डंपवर शर्यत ठेवायची, ती यंदाही झाली, नाव काढून. काकींना हे शाळेच्या चपराशानं सांगितलं.

परवा मी त्यांच्याकडं गेलो. खरं सांगायलाच गेलो होतो. रस्त्यानं वाक्यं जुळवत गेलो. त्यांनी मला चुलीजवळ पाट दिला, भात आणि लाखोळीची भाजी वाढली, आणि मी पहिला घास घेतला तेव्हा समोर बसून म्हणाल्या, "तुले माईत होतं का रे? त्यायनं तारीख बदलवली ते?"

मी म्हणालो, "नाही, काकी."

"मले तं अजूनही खरं नाही वाटत. पण तू लिवून देलं म्हणतेत. तू कायले खोटं लिवशीन?" त्यांनी माझ्या ताटात पुन्हा भात वाढला. "इतकी वर्षं संसार केला, मले एक शब्द नाही सांगतला बाप्पा. यंदा मी त्यायच्या तिथीले पोट्ट्यायले जेवू नाही घातलं. मनच नाही झालं. त्यायच्या फोटोसमोर उभी राहून इचारलं, काहून केलं म्हून. एका पोट्ट्याच्या मेडलसाठी?"

मी ताट संपवलं. काही टाकलं नाही. हात धुताना त्या पाणी घालत होत्या, आणि म्हणाल्या, "तुहा दोष नाही रे. तू लेकरू होता." मी हौ म्हणालो. ते हौ मी लिहून दिलेल्या कागदापेक्षा वाईट होतं, सर. कागद परक्या माणसानं पुढं सरकवला होता.

उद्या संध्याकाळची गाडी आहे. तुमचं घर इथून चालत सात मिनिटांवर आहे आणि दुपारी काकी घरीच असतात. पुढच्या महिन्यात बाहेरची शर्यत आहे, ती होऊ दे, मग सांगू, असं मी कालपासून मनात म्हणतोय. त्या शर्यतीनंतर आणखी एक असते, तेही मला माहीत आहे.

हे पत्र मी तुम्हाला लिहायला बसलो नव्हतो. पहिलं पान काकींच्या नावाचं होतं, तीन ओळी झाल्या होत्या. ते मी फाडलं आणि वर 'सर' लिहिलं, कारण तुम्हाला लिहिलेलं कुणाला द्यावं लागत नाही.