फोटोतला अंगठा

कॉव्हेंट्री,
६ मार्च २००५

ती. वन्संना,
अनुराधाचा सादर नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम खरंच करता, की राजीवला नुसतं 'केले' म्हणून सांगता? बेसिंगस्टोकला बर्फ पडल्याचं टीव्हीवर पाहिलं. इथेही दोन दिवस होता, पण आज ऊन आहे आणि अंगणात डॅफोडिल्स माना वर काढताहेत.

मेक्सिकोहून येऊन दोन आठवडे झाले. काल फोटो धुऊन आले, त्यातले निवडक पाठवते आहे. त्यांचे आकार कमी-जास्त दिसतील. दुकानातलं मशीन बिघडलं होतं म्हणे. तुम्ही अल्बममध्ये पट्टीने मोजून फोटो लावता, माहीत आहे मला, पण एवढी वेळ सांभाळून घ्या.

पात्स्क्वारो हे तळ्याकाठचं अगदी लहान शहर. घरं सगळी कौलारू, खालून तांबडी आणि वरून पांढरी. मधोमध प्रचंड मोठा चौक, जुनी झाडं आणि चारी बाजूंना कमानी. पहिला फोटो तिथला. हातात आहे ते आइस्क्रीम. दूध तासन्‌तास आटवून करतात, चव थेट बासुंदीची! मी दोन खाल्ली. डायबेटिसचं काय, असं विचारू नका. दुसऱ्या फोटोत 'अकरा चौकांचं घर' आहे. पूर्वी तिथे ख्रिस्ती जोगिणी राहायच्या, आता विणकर बसतात. मी हट्टाने चौक मोजले तर पाचच भरले. बाकीचे काळाने गिळले, असं गाइड म्हणाला आणि आम्हाला शाल विकून मोकळा झाला.

टेकडीवरच्या देवळात आरोग्याची देवी आहे. मक्याच्या ताटांच्या लगद्याची मूर्ती, चारशे वर्षांहून जुनी. ज्याचं जे दुखतं त्याची चिमुकली पत्र्याची प्रतिकृती तिला वाहतात. हात, डोळे, काळीज, सगळं बाहेर विकायला असतं. मी तुमच्यासाठी एक पाय वाहिला. नुसता गुडघा मिळाला नाही.

मग होडीने हानित्सियो बेटावर. तळ्यात कोळी फुलपाखराच्या पंखांसारखी जाळी उभारून दाखवतात. आता त्यात मासे कमी आणि आमच्यासारखे प्रवासीच जास्त सापडतात. हा फोटो शेजारच्या एका जर्मन बाईंनी काढला. बेटाच्या माथ्यावर त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या पुढाऱ्याचा अवाढव्य पुतळा आहे, हात वर केलेला. आतून जिना थेट मुठीपर्यंत जातो. मी शेवटपर्यंत चढले, वन्सं, पासष्टाव्या वर्षी! मुठीतून खाली सगळं तळं दिसतं. तिथला फोटो काढला तो...

तोही जर्मन बाईंनीच, असं लिहिणार होते. पण पुरे झालं. वर लिहिलंय ते खोडत नाही, तुम्हाला खाडाखोड खपत नाही.

दुकानातलं मशीन बिघडलं नव्हतं. फोटोंचे कोपरे मी कात्रीने कापले, कारण प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक अंगठा आला होता. तो तुम्ही झटक्यात ओळखला असतात. मंडळाच्या गणपतीच्या फोटोंत तीस वर्षं तो अंगठा गणपतीच्या कानाशेजारी आहेच. "या भूलतज्ज्ञाच्या हाताखाली पेशंट शुद्धीवर तरी येतात का?" असं तुम्हीच एकदा सर्वांसमोर विचारलं होतंत, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले होते ते चंद्रशेखरभावजी स्वतः.

होय, तेच, ह्यांचे जुने मित्र. 'मंडळातल्या बायकांबरोबर जाते आहे' असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. आम्ही दोघंच गेलो होतो.

आणखी एक. दर रविवारी सहाच्या ठोक्याला तुमचा फोन येतो आणि तुम्ही विचारता, "जेवलीस का गं? एकटीच?" हे गेल्यापासून सहा वर्षांत एकही रविवार तुम्ही चुकवला नाहीत. गेलं वर्षभर मी "हो, एकटीच" म्हणते, तेव्हा भावजी समोर बसून खोकला दाबत असतात. एकदा दाबता आला नाही, तेव्हा मी तुम्हाला टीव्ही म्हणून सांगितलं. या खोटेपणाची मला खरोखर लाज वाटते. ते तर केव्हापासून म्हणताहेत, "वन्संना सांगून टाका. फार तर माझा अंगठा कापायला सांगतील."

आता पात्स्क्वारोची शेवटची संध्याकाळ. चौकात म्हाताऱ्यांचा नाच होता. नाचणारे म्हाताऱ्यांचे गुलाबी मुखवटे घालतात, काठी टेकत, कण्हत येतात, आणि मग लाकडी तळव्यांच्या चपलांनी असा काही ताल धरतात की फरशी दणाणते. मला वाटलं, आत तरणीताठी माणसं असणार. नाच संपल्यावर पुढच्याने मुखवटा काढला, तर आत खराच म्हातारा! मुखवट्याहून सुरकुतलेला, पंच्याहत्तरीचा तरी असेल, आणि घामाघूम होऊन हसत होता. मला इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं. ह्यांच्या माघारी इतकी हसले नव्हते मी.

भावजी म्हणाले, "अनुराधाबाई, मी काय म्हणतो..."

"हो," मी म्हटलं.

"अहो, मला विचारू तरी द्या!"

"विचारा. उत्तर तेच आहे."

वन्सं, मला आनंद झाला आहे. ह्यांना मी विसरले नाही. मुठीत उभी असताना पहिली आठवण ह्यांचीच आली, आणि ती भावजींना सांगताही आली. ज्याला ती सांगता येते असा माणूस मला मिळाला.

आज इथला मदर्स डे म्हणून वरदा केंब्रिजहून आली आहे. सकाळी तिला सांगितलं. तिला काडीचं आश्चर्य वाटलं नाही. "आई, फायनली! माझी लग्नात तू रडली होती ना, आता तुझी लग्नात मी रडणार. आत्याला सांगितला का?" नाही सांगितलं, म्हटल्यावर तिने कागद-पेन पुढ्यात आणून ठेवलं.

शनिवार, १६ एप्रिलला सकाळी अकरा वाजता इथल्या रजिस्ट्रारच्या कचेरीत आहे. दोन साक्षीदार लागतात. एक वरदा.

आमच्या लग्नात तुम्ही पोपटी शालूत, हातात करा घेऊन भावाच्या पाठीशी उभ्या होतात. मी अंतरपाटाआडून तुम्हाला पाहिलं आणि घाबरले. मला ना बहीण, ना नणंदेखेरीज दुसरं कुणी हक्काचं. त्या लग्नात तुम्ही त्यांच्याकडच्या करवली होतात. या लग्नात माझ्याकडच्या व्हाल?

नाही म्हणालात तरी मी तुमचीच राहीन, पण मग तुमच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवणार नाही. साक्षीदार म्हणून रजिस्ट्रारच्या कारकुनाची सही घेईन.

सोबत एक फोटो न कापलेला ठेवला आहे, नाचाच्या संध्याकाळचा. मी हसते आहे आणि डाव्या कोपऱ्यात अंगठा आहे. हे पत्र मंगळवारपर्यंत पोचेल. आज सहाला फोनवर मी यातलं काही बोलणार नाही. पुढच्या रविवारी मात्र तुम्ही "एकटीच?" विचाराल, तेव्हा मी "नाही" म्हणणार आहे. फोन करा, वन्सं. रागावायला का होईना, पण करा.

तुमच्या भावाच्या घरात तुम्हीच माप ओलांडून घेतलेली,
अनुराधा